नवव्या पानावरची खूण

मंगळवारी सकाळी माझी बहीण गेली. मी चहा गाळत होते. तिच्या उशाशी पुस्तक होतं आणि पुस्तकात एसटीचं तिकीट घातलेलं होतं. तिकिटापुढे त्रेचाळीस पानं होती.

ती पानं मी पंधरा दिवसांनी वाचली. वाईट पुस्तक होतं. कॉलेजात खो-खो खेळणारी एक मुलगी, मुलांच्या संघाचा कर्णधार, ताटातूट, सात वर्षांनी पुन्हा भेट आणि लग्न. पानोपानी पाऊस आणि डोळ्यांत पाणी. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माझ्यासारख्या बाईने असलं पुस्तक एरवी घरी आणलं नसतं. पण अंथरुणाला खिळलेल्या बहिणीने मागितलं होतं. "निळ्या कव्हरचं आहे बघ, पळणाऱ्या पोरीचं चित्र असलेलं. तेच आण, दुसरं नको," असं तिने दोनदा बजावलं.

आमच्या वाचनालयातल्या जुन्या वाचकांची एक सवय आहे. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून प्रत्येकजण आपलं एक पान ठरवतो आणि पुस्तक संपलं की त्यावर खूण करतो. कुणी पंचविसाव्या पानाच्या आकड्याखाली रेघ मारतो, कुणी पन्नासाव्यावर टिंब देतो. ग्रंथपाल चिडतात, पण खोडत बसत नाहीत. माझं पान एकतीस. बहिणीचं नऊ, कारण तिच्या जर्सीवर तो नंबर होता. आकड्याभोवती ती पेन्सिलीने गोल करायची. हे पुस्तक आणायला गेले त्या दिवशी मी कपाटाशी उभी राहून एकतिसावं पान उघडलं. कोरं होतं. तेवढं पाहून पुस्तक घेऊन आले.

सुरुवातीची तीन प्रकरणं तिने स्वतः चाळली. मग हात दुखायला लागले आणि चौथ्यापासून मी मोठ्याने वाचू लागले. दुपारी, शेजारचे यंत्रमाग जेवणाला थांबले की.

ती डोळे मिटून ऐकायची आणि मधेच म्हणायची, "फाउल."

"आता काय झालं?"

"खो दिला नाही तर उठली कशी ती? आठजणी बसलेल्या असतात अक्का. मागून पाठीला हात लागून खो ऐकू येईपर्यंत जागचं हलायचं नसतं. ही बया त्याला बघून उठून पळत सुटली. पंचांनी बसवली असती की तिला."

"कादंबरी आहे ती."

"मग खो-खो कशाला घातला त्यात? लंगडी घालायची. आणि केस मोकळे सोडून सूर मारून दाखव म्हणावं त्या लिहिणाऱ्या बाईला. लई हौस असली तर."

दोन महिन्यांत ती इतकं बोलली नव्हती. मी मुद्दाम खेळाची पानं सावकाश वाचायची.

ती खरोखर खेळलेली होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला विद्यापीठाच्या संघात निवड झाली. शिबिराला जायचं होतं. मुलांच्या संघात वळसंगहून एसटीने येणारा एक मुलगा होता. मी तेव्हा नुकतीच शाळेत लागले होते. एका संध्याकाळी तिच्या किटबॅगेत साबण शोधताना मला चिठ्ठी सापडली. चिठ्ठीत तसं काही नव्हतं. शिबिराला जाताना पुढच्या सीटवर तुझी जागा धरून ठेवतो, एवढंच. ती मी वडिलांच्या हातात दिली.

घराची अब्रू, तिचं भलं, अशी कारणं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितली. खरं कारण असं की माझ्यासाठी कुणी कधी जागा धरली नव्हती.

वडिलांनी तिचं मैदान बंद केलं. शिबिराची गाडी तिच्याशिवाय गेली. पुढच्या वर्षी तिला टेंभुर्णीला दिली. नऊ वर्षांनी ती एक बॅग घेऊन परत आली आणि माझ्याजवळ राहिली. चिठ्ठी वडिलांना कुणी दिली हे तिने कधी विचारलं नाही, आणि वडील न सांगताच गेले. तिला माहीत नाही असं धरून मी चालत आले. संध्याकाळी ती शाळेच्या मैदानाच्या कठड्यापाशी उभी राहून पोरींचा खेळ बघायची. मी बाजूने भाजी घेऊन यायची आणि तिला हाक न मारता पुढे जायची.

अकराव्या प्रकरणात नायकाची चिठ्ठी नायिकेच्या खोलीतल्या मैत्रिणीला सापडते आणि ती वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना नेऊन देते.

मी त्या वाक्यापाशी थांबले. पाणी प्यायले. चष्मा पुसला.

"वाच की," बहीण म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

मी वाचलं. आवाज बरा लागला असावा, कारण ती काही म्हणाली नाही. फाउलसुद्धा म्हणाली नाही.

त्या दिवसापासून मी ठरवून वाट पाहू लागले. असल्या पुस्तकात शेवटी सगळे कबुलीजबाब देतात. ती मैत्रीण नायिकेला सांगेल, आणि त्या पानावर मी पुस्तक मिटून माझं सांगेन. पुढची पानं उलटून पाहणं मला अप्रामाणिकपणाचं वाटलं. प्रामाणिकपणा मी नेमका तिथे पाळला. पुस्तक ढिलं होतं, लेखिका फुलं आणि पाऊस यांत प्रकरणंच्या प्रकरणं घालवत होती, आणि मीही चार पानांवर आवाज खाली आणून "आज पुरे" म्हणत होते.

सोमवारी नायिका लग्नाची पत्रिका घेऊन त्या मैत्रिणीच्या दारात आली आणि प्रकरण संपलं.

"पुढं काय होतं, तुला काय वाटतं अक्का?" बहिणीने विचारलं. आता तिचे डोळे उघडे होते.

"बघू उद्या," मी म्हणाले आणि तिकीट घातलं.

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या भाकरी मऊ कर गं. कडक जात नाही."

पंधराव्या दिवशी माणसांची ये-जा थांबल्यावर मी तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून उरलेली पानं वाचली. मोठ्याने वाचायला गेले, पण दुसऱ्या परिच्छेदापासून मनातच वाचलं. तो कबुलीजबाब चार ओळींचा होता. मैत्रीण रडते. नायिका म्हणते, जाऊ दे गं, मला केव्हाच कळलं होतं. मिठी मारते. पुढच्या ओळीत मेंदी. सात वर्षांचं नुकसान चार ओळींत आटपून लेखिकेने पुढची सगळी पानं लग्नावर खर्च केली होती. मला त्या बाईचा राग आला. इतकी स्वस्त माफी लिहिताना तिने एकदा तरी थांबायला हवं होतं.

शेवटचं पान झाल्यावर वाटलं, बहिणीचं पुस्तक आहे, तिची खूण आपण करावी. पेन्सिल घेऊन नववं पान उघडलं.

आकड्याभोवती गोल होता. पुसट झालेला, वरून दुसऱ्या वाचकांच्या बोटांचे डाग पडलेले. ती स्वतः वाचनालयात जात होती तेव्हाचा. पुस्तक संपल्याशिवाय ती गोल करत नसे.

म्हणजे चिठ्ठी रेक्टरबाईंकडे जाते हे तिला माहीत होतं. त्या चार ओळी माहीत होत्या. सोमवारी पुढं काय होतं असं विचारताना पुढं काय होतं ते तिला माहीत होतं. तीन आठवडे तिने मला ते पुस्तक वाचायला लावलं आणि माझ्याकडून एक वाक्य येतं का ते पाहिलं. की तिला नुसतंच खो-खोचं पुस्तक हवं होतं, कितीही वाईट असलं तरी? ती तशीही होती. दोन्ही तिला शोभण्यासारखं आहे, आणि विचारायला आता कुणी नाही. तिने मला माफ केलं असं म्हणायला मी मोकळी नाही. ते वाक्य कादंबरीतल्या बाईचं आहे.

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत केलं. ग्रंथपालांनी विचारलं, "कसं होतं हो बाई?"

"वाईट," मी म्हणाले.

एकतिसाव्या पानावर मी खूण केली नाही.

नऊ नंबरची जर्सी कपाटात आहे. पलंग खिडकीशी आहे. जे सांगायचं होतं ते माझ्याजवळ आहे.