इस्त्रीवाल्यांची तुती

इस्त्रीवाल्यांचं त्यांच्या विहीणबाईंशी सूत जुळलंय, ही बातमी सकाळी पिठाच्या गिरणीत फुटली आणि दिवे लागायच्या आत सगळ्या गल्लीच्या कानात जाऊन बसली. सुनेचे दिवस भरत आलेले, आणि सासरेबुवा तिच्या आईचा हात हातात धरून जंगलवाटेने चाललेले. पाहिलं एकट्या गिरणीवालीने, टेकडीपलीकडच्या थांब्यावर बसची वाट बघताना. सांगणाऱ्या मात्र गल्लीभर निघाल्या. एकीने तर विहीणबाईंच्या केसांत रानगुलाबही खोवून टाकला.

इस्त्रीवाल्यांना गल्लीतली कुठलीही बातमी सगळ्यांत शेवटी कळायची. ही स्वतःचीही तशीच कळली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात मुलगा आणि सून, दुकानात कपड्यांचे गठ्ठे. शौक म्हणाल तर एकच. दुकान उघडण्याआधी मागच्या टेकडीवरच्या जंगलवाटेने फिरून यायचं. घुबड कुठल्या ढोलीत डुलक्या काढतं, सुतार पक्ष्याने कुठलं खोड पोखरायला घेतलंय, नेच्यांच्या गुंडाळ्या कधी उलगडल्या, हे त्यांना शेजाऱ्यांच्या भांडणांपेक्षा जास्त ठाऊक. खिंडीपर्यंत जायचे आणि माघारी फिरायचे. त्यापुढे गेलं तर गिऱ्हाईक दारात ताटकळायचं.

डॉक्टरांनी सुनेला पलंगावरून उठायला बंदी केली, आणि तिच्या खिडकीतून तर समोरची भिंतच दिसायची. मग जंगलाच्या बातम्या तिला घरपोच मिळू लागल्या. सकाळची आवृत्ती सासऱ्यांची, दुपारची आईची. विहीणबाई टेकडीपलीकडे राहायच्या. त्याही रोज त्याच वाटेवर फिरायच्या, पण पलीकडच्या तोंडाने शिरून खिंडीतून परत. मग जेवून, टेकडीला वळसा घालणाऱ्या बसने लेकीकडे.

आणि या दोन आवृत्त्यांचं काही केल्या जुळेना.

सकाळी सासरे सांगायचे, तुती पिकली, बुलबुल नुसते तुटून पडलेत. दुपारी आई नाक मुरडायची. कसली तुती? फांद्या अजून उघड्या आहेत, पाखरू फिरकत नाही. सासरे म्हणाले, फुलपाखरं आली. आई म्हणाली, आज शाल घेऊन गेले होते. सून लहानपणापासून त्या पलीकडच्या बाजूलाच फिरलेली, त्यामुळे तिच्या आठवणीही आईच्याच बाजूने साक्ष द्यायच्या. आधी ती हसायची. मग सासऱ्यांकडे जरा निरखून बघू लागली.

इस्त्रीवाल्यांनी पुरावा म्हणून रुमालात तुती बांधून आणल्या. विहीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "छान आहेत हो. बाजारात आल्या वाटतं?"

त्याच आठवड्यात इस्त्रीवाल्यांच्या हातून एका शर्टाची कॉलर करपली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्या संध्याकाळी ते पाणी प्यायला आत गेले, तर सून मुलाला हळू आवाजात सांगत होती, "मी कामावर जायला लागले की बाळ बाबांपाशी ठेवायचं म्हणतोय आपण. पण त्यांना थंडी आहे की उन्हाळा, तेच कळेनासं झालंय. बाळाला दूध पाजलं की नाही, हे तरी ध्यानात राहील का?"

मुलाने मान डोलावली. इस्त्रीवाल्यांना ते डोलावणंच जास्त लागलं. पाळण्याची जागा दुकानात त्यांनी कधीच ठरवून ठेवली होती, वाफ लागणार नाही अशा कोपऱ्यात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुतीच्या पानांना हात लावून पाहिला. फळं खाल्ली. दुकानात येऊन आरशात जीभ पाहिली, तर जांभळी. बरं वाटलं. मग मनात आलं, डोकं फिरलेल्या माणसालाही स्वतःची जीभ जांभळीच दिसत असेल. झालं, पुन्हा गोंधळ.

शेवटी मानापमान गुंडाळून ते विहीणबाईंना म्हणाले, "उद्या तुमच्याबरोबर येतो. तुम्ही बघता ते मलाही दाखवा."

सकाळी पहिल्या बसने ते पलीकडे पोचले आणि वाटेच्या तोंडाशीच डोळे चोळू लागले. फांद्या उघड्या. नेचे मुठी आवळून बसलेले. दगडांवर ओलं शेवाळ, तोंडातून वाफ. काल पाहिलेलं जंगल कुणी रातोरात पुसून टाकावं तसं. म्हणजे सून म्हणते ते खरंच होतं तर. विहीणबाईंनाही त्यांचा चेहरा बघवेना. "चला व्याहीबुवा, खिंडीत बसू जरा," त्या म्हणाल्या आणि त्यांनीच हात पुढे केला.

खिंडीतून इस्त्रीवाले सवयीने आपल्या बाजूला चार पावलं उतरले आणि थबकले. तुती लगडलेली. बुलबुलांचा कलकलाट. अंगावर ऊन.

मागून आलेल्या विहीणबाई मटकन खाली बसल्या.

"हे काय हो? आता माझं डोकं फिरलं का?"

"तुम्हालाही दिसतंय ना?" त्यांनी घाबरत विचारलं.

विहीणबाईंनी एक तुती तोंडात टाकली. मग दुसरी. मग बोलायचं सोडून खातच सुटल्या. दोघं वर जाऊन एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. एकच वाट, इकडे उन्हाळ्याची चाहूल आणि तिकडे थंडी. इस्त्रीवाल्यांनी आपल्या परीने उलगडा केला. आपल्या बाजूला दिवसभर ऊन आहे, तुमच्याकडे टेकडीची सावली. दुकानामागच्या दोरीवर नाही का, एका अंगाचे शर्ट वाळतात आणि भिंतीकडचे दमटच राहतात. विहीणबाईंनी मान डोलावली, तरी उठताना पुन्हा दोन्हीकडे पाहून घेतलं. पूर्ण पटलं होतं असं दोघांच्याही चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

घरी आल्यावर विहीणबाईंनी लेकीपुढे आपली जांभळी जीभ बाहेर काढली. सुनेने ती नीट निरखून पाहिली. मग सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, पाळणा दुकानात कुठे लावायचा म्हणत होतात?"

गल्ली अजूनही मानायला तयार नाही, पण घडलं ते एवढंच. हात धरला होता तो शेवाळावरून पाय घसरू नये म्हणून. आणि जंगलात ती दोघं गेली होती, ती इस्त्रीवाल्यांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे बघायला.