आधी बसा

"आधी बसा बघू," असं म्हणून आमच्या सिस्टर पायानं लोखंडी स्टूल पुढे सरकवायच्या. उभ्या माणसाला बातमी सांगायची नाही, हा त्यांचा नियम. चहाची साखर संपलीय हे सांगायलाही त्यांनी मला एकदा बसवलं होतं. स्टूल सरकल्याचा आवाज आला की आम्ही स्टाफ हातातलं काम ठेवून द्यायचो.

दुबईच्या जबल अलीतल्या एका कंपनीच्या क्लिनिकमध्ये त्या नर्स आणि मी रिसेप्शनला. बाई मूळच्या मिरजेच्या. जीभ तिखट, हात हलका. इंजेक्शनला घाबरून डोळे मिटलेल्या पैलवानाला म्हणायच्या, "झालं की ओ, उघडा आता."

तुम्ही त्या काळात आखातात असाल तर व्हिसा रिन्यू करतानाची रक्ततपासणी आठवत असेल. एचआयव्ही निघाला की माणसाची रवानगी थेट विमानात. कंपनीचा मंदूब, म्हणजे व्हिसाची कामं बघणारा माणूस, "अनफिट, खलास" एवढंच सांगायचा. का, ते विचारायची सोय नव्हती.

गुहागरकडचा एक वेल्डर असाच विमानाची वेळ होईपर्यंत आमच्याकडे बसला होता. बायकोला सातवा महिना होता आणि स्वारी खुशीत होती. "जुनी कावीळ निघाली असणार, सिस्टर. पण देवच पावला बघा, बाळंतपणाला मी घरात!" पिशवीतले बेबी पावडरचे डबे तो काढून दाखवत होता. त्याचा रिपोर्ट आमच्याकडे आला होता; मला त्याच्याकडे बघवेना.

मंदूब दारातूनच म्हणाला, "सिस्टर, कुछ बोलना नहीं, मॅनेजर का ऑर्डर है. यल्ला, चलो, गाडी खडी है."

"पाच मिनट रुको," म्हणून सिस्टरनी दार लावलं. वेल्डर बसलेलाच होता, तरी स्टूल सरकलं. या वेळी त्यावर त्या स्वतः बसल्या.

"तुझ्या रक्तात एचआयव्ही निघालाय. रडायचं ते विमानात रड, आता ऐक. बायकोची तपासणी लगेच कर. तिला असलं तर बाळालाही होऊ शकतं, पण वाचवायला औषध आहे. बाळंतपण घरी नको. मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात ने. लाजून गप्प बसलास तर पोराचा जीव जाईल."

"तिला काय तोंड दाखवू, सिस्टर?"

"हेच दाखव. दुसरं कुठनं आणणार?" त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "आणि काय झालं ते इथं फोन करून कळव."

मॅनेजरला कळायचं ते कळलं. महिन्याभरात सिस्टरचा व्हिसा रद्द झाला. सगळ्यांना बसवणाऱ्या बाईंनी स्वतःची बातमी मात्र मला उभ्या उभ्या सांगितली आणि पर्स उचलून त्या निघाल्या. मला फार राग आला होता, आणि तो काढायला जागा नव्हती.

पुढे दोनेक वर्षांनी क्लिनिकमध्ये एका बाईचा फोन आला. "गुहागरहून बोलतेय. सिस्टर आहेत?"

"त्या गेल्या इथून. मी त्यांच्याबरोबर काम करायचो. बोला ना."

"तुम्ही आधी बसा. सिस्टरना बसवून मगच सांग, असं आमच्या ह्यांनी बजावलं होतं."

मी स्टूल ओढलं.

"पोरीची शेवटची तपासणी झाली. तिला काही नाही." मग म्हणाली, "हे शिमग्यात गेले. मला आहे, पण अजून उभी आहे. गावात पोरीला कुणी कडेवर घेत नव्हतं. आता शेजारीण घेते. सिस्टरना सांगाल ना?"

"सांगतो," म्हणालो. सिस्टरचा मिरजेचा नंबर केव्हाच बंद झाला होता. फोन ठेवला तरी मला उठवेना. बातमी त्यांची होती, आणि तिच्यासाठी बसलो होतो मी.