पंचवीस कोयते

ती घटना आठवली की स्टेशन डायरीतली माझ्याच हातची एक ओळ डोळ्यांपुढे येते. कोकणातून बदली होऊन मी धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका ठाण्याचा चार्ज नुकताच घेतला होता. एका सकाळी फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "साहेब, आजच्या ग्रामसभेत पंचवीस कोयते येणार हायेत. बगा मग."

त्या गावाचा बीट हवालदार सकाळपुरता सुट्टीवर होता. कुणालाही न विचारता मी फौजफाटा घेऊन गेलो, ग्रामपंचायतीपुढची माणसं पांगवली आणि सगळ्यांच्या वतीने बोलणाऱ्या एका विधवा बाईला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. झडतीत एकही हत्यार मिळालं नव्हतं. हत्यारं लपवली असणार असं धरून मी तासभर एकच प्रश्न विचारला, कोयते कुठे आहेत? ती दर वेळी म्हणे, तुम्हीच तर हाकलून दिले. मला ती उद्धट वाटली.

दुपारी हवालदार आला. सगळं ऐकून त्याने तोंडावर रुमाल धरला. "सर, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात."

"आन मी अर्धा," बाई म्हणाली. "अर्ध्याला मुकादम नेत न्हाई, साहेब. गावात रोजगार हमीचं काम निघालं न्हाई, तर नववीतली पोर संगं न्यावी लागंल."

ती जोडपी रोजगार हमीच्या कामांची यादी मंजूर करून घ्यायला जमली होती. गावातच काम मिळालं असतं तर मुकादमाची टोळी मोडली असती. फोन त्याचाच होता, हे नंबरावरून निघालं. नवा साहेब बाहेरचा आहे, कोयता म्हटल्यावर तो काय समजेल, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. पण त्याच्यावर कारवाई करायची तर माझी चूकही कागदावर आली असती. मी त्याला दम देऊन सोडलं आणि डायरीत लिहिलं, 'ग्रामसभा शांततेत तहकूब.'

सभेची पुढची तारीख दिवाळीनंतरची पडली. टोळ्या त्याआधीच निघाल्या. नाकाबंदीत मी एक ट्रॅक्टर थांबवला. ट्रॉलीत ती बाई होती आणि शेजारी शाळेचा निळा ड्रेस घातलेली मुलगी.

"मोजून घ्या साहेब," बाई म्हणाली, "आता पुरा हाय."

मुलीचं वय विचारणं माझं काम होतं. मी विचारलं नाही, ट्रॅक्टर जाऊ दिला.

त्यानंतर प्रत्येक नव्या ठाण्यात पहिल्याच दिवशी मी तिथल्या जुन्या हवालदाराला समोर बसवून गावचे शब्द विचारून घेत असे. एवढं शिकलो. डायरीतली ती ओळ मात्र निवृत्तीपर्यंत तशीच राहू दिली.