परक्यांकडे विचारलेली खुशाली

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, मी परभणीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, पिंगळीला, आमच्या गावी, शेजारच्या घरी रोज टपाल येऊ लागले. शेजारच्या काकूंचा धाकटा मुलगा औरंगाबादच्या छावणीत नोकरीला असलेल्या मामाकडे राहून फुटबॉल शिकला आणि विसाव्या वर्षी मुंबईच्या एका संघाचा आघाडीचा खेळाडू झाला. एका क्रीडा पाक्षिकाने मुखपृष्ठावर त्याचे छायाचित्र छापले, आत गावाकडचा पत्ताही दिला. तेव्हापासून पोस्टमन सुतळीने बांधलेला गठ्ठाच ओसरीवर ठेवू लागला.

काकूंना वाचता येत नसे. रविवारी गावी आलो की मी वाचून दाखवी. कुणी त्याच्या डाव्या पायाचे कौतुक करी, कुणाला सही केलेला फोटो हवा असे. तो भांग कोणत्या बाजूला पाडतो, असे एका मुलीने विचारले होते. ते मोठ्याने वाचताना मलाच संकोच वाटे. काकू मात्र प्रत्येक पत्र संपले की एकच विचारत, "आन् गुडघ्याचं काय लिवलंय?"

त्याचा गुडघा दुखावल्याची ओळ महिन्यापूर्वी वर्तमानपत्रात आली होती. त्यानंतर त्याचे स्वतःचे पत्र आले नव्हते.

"काकू, ही माणसं त्याला ओळखत नाहीत."

"वळखीबिगर कुनी इतकं लिवतंय व्हय? तू लिही. माझ्या नावानं लिही."

पत्र लिहिणारा तो सोयरा, आणि सोयऱ्याकडे खुशाली विचारायची, अशी त्यांची रीत. ती चुकते आहे हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी लिहीत गेलो : 'इकडील सर्व क्षेम. आमच्या चिरंजीवांचा गुडघा कसा आहे, ते कळवावे.' उत्तरे आली. बहुतेकांनी उलट आम्हालाच विचारले. दोघांनी तर काकूंचीच सही मागितली. आपण कुणाची फसवणूक करतो आहोत, हे मला कळेनासे झाले.

मग कोल्हापूरच्या एका शिंप्याचे कार्ड आले. संघ तिथे स्पर्धेला गेला होता. 'ते खेळले नाहीत. मैदानाच्या कडेने लंगडत हिंडत होते. पोरांना सह्या दिल्या.' मी फक्त सह्यांचे वाचले.

"बोट कुनीकडं उड्या मारायलंय रं तुझं?" वाचताना मी ओळीखालून बोट फिरवी, ते त्या पाहत होत्या. "समदं वाच."

मी वाचले. मान वर करवेना.

"लंगडायलाय म्हंजी पाय टेकवायलाय की!" काकू चक्क हसल्या. "मला वाटलं, खाटंवर पडलंय लेकरू."

आपण चांगली बातमी वाचली की वाईट, याचाच मला उलगडा होईना. काकूंनी नवे कार्ड पुढे सरकवले.

"त्या शिंपीदादाला लिही, म्हनावं लेकराला धरून गाडीत बसवा. आन् पिंगळीला गाडी थांबती, हे लिवायला इसरू नको."