विहिरीत डोकावणारा माणूस

सन एकोणपन्नास. माझं वय अठ्ठावीस आणि मी बुऱ्हाणपूरच्या कोतवालीत हवालदार होतो. शाळा मी तिसरीत सोडली, हे कधी लपवलं नाही. पण पंचनामा माझ्यासारखा दुसरा कोणी लिहीत नसे. त्या वर्षीची एक घटना अजून डोक्यातून जात नाही. एका माणसाला कुत्रा चावला होता, त्याला दवाखान्यात पोचवायला हवं होतं, आणि आम्ही त्याला विहिरीत विष कालवणारा समजून धरून आणलं.

त्याला कारणही होतं. शेजारची संस्थानं विलीन होत होती, सरहद्दी पुसल्या जात होत्या, गावात रोज नवी तोंडं दिसायची. कोण कुठला, कोणाला पत्ता नाही. त्यात अफवा उठली की परकी माणसं विहिरी नासवतात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. माहेरवाशिणी घरोघर येत होत्या. अशात बुधवारा मोहल्ल्यातली एक म्हातारी कोतवालीत आली.

"साहेब, एक माणूस आमच्या विहिरीत वाकून बघून गेला. घागर नाही, दोर नाही. कोण रे बाबा तू, विचारलं तर हूं की चूं नाही."

"काही टाकलं का त्यानं?"

"टाकताना दिसला असता तर त्यालाच आत टाकला असता मी."

तिची खबर लिहून होईतो पुढच्या गल्लीतून तीच खबर आली, मग आणखी एका गल्लीतून. दुपारपर्यंत लोकांनी त्याला एका विहिरीवर धरलं. चार थपडा बसल्या होत्या. मी गर्दीतून काढून त्याला ठाण्यात आणला. अंगात स्वच्छ सदरा, धोतर, पोटरीला फडकं बांधलेलं.

नाव काय? गप्प. गाव कोणतं? गप्प. ओठ घट्ट मिटलेले.

"मुका आहेस का?"

त्यानं मान हलवून नाही म्हटलं. मुका नाही म्हणतो आणि बोलतही नाही, याला काय म्हणावं? झडती घेतली तर खिशात हिरव्या बांगड्यांचा पुडा निघाला, बाकी काही नाही. विष टाकणारा बांगड्या घेऊन कशाला फिरेल? ठाणेदारांनी दरडावलं, मी समजावलं, शिपायानं दंडुका दाखवला. उपयोग शून्य. बाहेर लोक ओरडत होते, त्याला आमच्या हवाली करा.

माझ्या अनुभवात, धरलेला माणूस आधी दाराकडे बघतो. हा खिडकीतून आवारातल्या विहिरीकडे बघत होता. मी म्हटलं, "साहेब, याला तिथवर जाऊ द्या."

"पोलिसांचं पाणी नासवून घ्यायचं आहे का तुम्हाला?"

"आधी मी पितो ते पाणी. मग तर झालं?"

कमरेला दोर बांधून त्याला नेला. तो कठड्यावर वाकला, आत बघितलं, मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "झाल्या सात."

मग जो बोलायला लागला तो थांबेना. बहादरपूरचा केळीवाला शेतकरी. बहिणीच्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तिला आणायला मुराळी म्हणून सिंधीपुऱ्यात तिच्या सासरी गेला होता. दारातच त्यांचा कुत्रा पोटरीला चावला. घरातल्या जाणत्यांनी सांगितलं, सात विहिरींत बघून ये, मध्ये बोललास तर गुण येणार नाही. बांगड्या बहिणीसाठी होत्या.

"अरे, पण चावल्याची खबर द्यायची असते. कुत्रा बांधून नजरेखाली ठेवावा लागतो. पिसाळला तर मारावा लागतो, मालकाला दंड होतो. हा नियम तुला माहीत नाही?"

"माहीत आहे म्हणून तर दिली नाही, हवालदारसाहेब. कुत्रा तिच्या सासऱ्याचा. तुम्ही त्यांच्या दारात गेले की बहिणीचं माहेर तुटलंच समजा."

डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, कुत्रा कसा आहे ते कळेपर्यंत थांबू नका, पोटातल्या सुया आजच सुरू करा. एकदा रोग चढला की औषध नाही. हा म्हणे, "सात झाल्या. अब मला काही होत नाही."

इथे माझाच गोंधळ झाला. विहिरी बघून जगलेला माणूस मी पाहिला होता. पाण्याला भिऊन तडफडून मेलेलाही पाहिला होता, आणि विहिरी त्यानंही बघितल्या होत्या. मग कोणाचं खरं धरावं? मला ठरवता आलं नाही, पण माझ्या ठाण्यात आलेला माणूस असा मरू देणार नव्हतो. म्हटलं, "सुया घे."

"बहीण घरी आली तर घेतो."

"पहिली आज घे. बहिणीचं माझ्याकडे लागलं."

"जबान देता?"

"दिली."

संध्याकाळी त्यानं पोट उघडं केलं. पुढे सगळ्या सुया घेतल्या आणि तो जगला. सुयांनी, विहिरींनी, की मुळात कुत्राच चांगला होता म्हणून, हे मला अजून उमगलेलं नाही. कोणी शिकलेला समजवायला आला तरी मी ऐकणार नाही, कारण त्या दिवशी तो तिथे नव्हता.

एक मात्र शिकलो. गप्प बसणारा गुन्हेगारच असतो, असं आम्हाला शिकवलं होतं. ते चूक आहे. पुढच्या सगळ्या नोकरीत गप्प माणसाला मी आधी विचारलं, कोणासाठी गप्प आहेस? नियम ठाऊक नसतो म्हणून लोक खबर देत नाहीत असं नव्हे. नियम कोणाच्या दारात जाऊन उभा राहील, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पहिली सुई दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलगाडी करून सिंधीपुऱ्यात गेलो. कुत्र्याच्या गळ्यात साखळी घालून तो बरोबरच्या शिपायाच्या हाती दिला. सासरा लाल झाला. "खबर कोणी दिली? तिच्या भावानंच ना?"

"त्यानं तोंड उघडलं नव्हतं. खबर मी काढली. आता सूनबाईची तयारी करा. भावाचा पाय दुखावला आहे, म्हणून मुराळी मी आलो."

"पोलीस कधी मुराळी असतो का?"

"आज आहे," म्हटलं, आणि त्यांच्या ओसरीवर मांडी घालून बसलो. ती गाडीत बसेपर्यंत उठलो नाही.