कोपऱ्यांपुरती सोंगणी

आमच्या सोयाबीन सोंगणाऱ्या बायांच्या टोळीत सगळ्यात तरणी मीच, आणि मला नातू आहे. आता बोला! गावातल्या लेकीसुना कामरगावला दुकानांत कामाला जातात, नाहीतर नवऱ्यामागं पुण्याला. विळा धरायला उरलो आम्ही म्हाताऱ्या.

त्यातही माझी थोरली जाऊ सगळ्यात म्हातारी. सोंगताना प्रत्येकीच्या वाट्याला चार-पाच ओळींची पात येते. थोरलीची पात मागं पडायला लागली, तशा दोन्ही बाजूंच्या बाया तिच्यातलं थोडंथोडं सोंगून द्यायच्या. कोणी बोलायचं नाही, मजुरी सगळ्यांना सारखीच. पण तिला ते कळायचं आणि फार लागायचं. मुलगा पैसे पाठवतो, पोटाची काळजी नाही. रिकामं घर मात्र तिला खायला उठतं. टोळीतून काढलं तर मी जगणार नाही, असं तिनं मला दोनदा सांगितलं होतं.

यंदा आमच्या नेहमीच्या शेतमालकाच्या मुलानं पुण्यातूनच फोनवर हार्वेस्टर ठरवलं. भाऊंचे, म्हणजे मालकांचे, गुडघे गेलेले. मजुरांमागं फिरणार कोण? माझं डोकं फिरलं होतं, पण भांडू कोणाशी? ते म्हणाले, मशीन वळायला वावराचे कोपरे हातानं मोकळे करावे लागतात, तेवढ्यासाठी दोघी पाठव, जवान पाहून.

"जवान काय झाडाले लागल्या, भाऊ? येऊ तं समद्या येऊ. मजुरी दोघींचीच द्या."

भाऊ हसले आणि हो म्हणाले.

सकाळी पहिल्याच कोपऱ्यात आम्ही दाटीवाटीनं उभ्या राहिलो. पात ती केवढीशी, सुरू केली की संपली. थोरली आमच्याबरोबरच धुऱ्याला, वावराच्या बांधाला, पोचली. तिच्या पातीला कोणी हात लावला नव्हता. तिनं वळून पाहिलं आणि लहान पोरीसारखी हसली.

चारही कोपरे झाले आणि हार्वेस्टर वावरात शिरलं. आमचं दोन-तीन दिवसांचं काम आम्ही चहा घेईपर्यंत अर्ध्यावर आलं. बाया बसून बघत होत्या. थोरलीचं तिकडं लक्षच नव्हतं. ती पदरानं विळा पुसत होती.

"पाह्यलं न वं? माह्याच्यानं होते अजून," ती मला म्हणाली. "उद्या कोणाच्या वावरात जाचं?"

उद्या कोणाचंच बोलावणं नव्हतं. परवाचंही नव्हतं.

"विळ्याले धार लावून ठेवा, बाई," मी म्हटलं.