उस्मानचाचांच्या यादीतला व्हीसीआर

"कॅसेट आत अडकल्ये. उद्या सकाळच्या एसटीने इक्बाल मुंबईला निघतोय, परवा त्याचं विमान. कॅसेट त्याच्या हातात गेली पायजे. कळलं?"

उस्मानचाचांनी टेपरेकॉर्डर काउंटरवर ठेवला. वर क्रोशाचं कव्हर होतंच.

"उद्या दुपार होईल हो चाचा, कामं पडल्येत," मी नानांच्या आवाजात म्हटलं. नाना म्हणजे आमचे मालक.

आतून खरे नाना ओरडले, "पक्या, माझ्या आवाजात गिऱ्हाइकाला शब्द देऊ नकोस! चाचा, आज संध्याकाळी मिळेल."

मी लांज्याचा. शाळेत अभ्यास कमी आणि मास्तरांचे आवाज जास्त केले. एकदा हेडमास्तरांच्या आवाजात भिंतीआडून शाळा सोडून दिली, पोरं गेली पण. मग आयटीआय, मग रत्नागिरीत नानांचं रेडिओ-टेप रिपेअरिंगचं दुकान. इथे माझ्याकडे गिऱ्हाइकांचे मिळून चाळीसेक आवाज होते. त्यात उस्मानचाचा एक नंबर.

चाचांचा जन्म बोटीवर गेला, इंजिनरूममध्ये. आता रिटायर होऊन राजिवड्याला. मशीन म्हटलं की माणूस खुळा. पण उधळ्या नाय. मुलगा रफीक कुवेतला. दर दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा, आणि सुट्टीच्या चार महिने आधी चाचांची यादी सुरू व्हायची. रफीक तिकडून रंगीत ब्रोशर पाठवायचा, चाचा ती घेऊन आमच्याकडे यायचे आणि प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारायचे.

"स्पेअर रत्नागिरीत मिळेल? लाइट गेली तर चालेल? घरात ही वापरील?"

'ही' म्हणजे चाची. तीनात दोन 'हो' आले तर वस्तू यादीत. इलेक्ट्रिक रेझर कटाप. "ब्लेडने दाढी होते, आणि ब्लेडला स्पेअर लागत नाय." टॉर्च, ट्यूब आणि रेडिओ एकात असलेला कंदील मात्र पहिल्या फटक्यात पास. व्हीसीआरला तिन्ही 'नाय' आले. "वर्षभर कव्हरखाली झोपेल मेला," चाचा म्हणाले. पण त्या व्हीसीआरच्या ब्रोशरची घडी त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असायची. मी बघितलेलं. चहा येईपर्यंत ते ती उघडायचे, बघायचे, परत घडी.

आता कॅसेटचं सांगतो. आमच्याकडे ज्यांची माणसं आखातात, ती पत्राऐवजी कॅसेट पाठवायची. अख्खं घर टेपसमोर बसायचं आणि एकेक जण बोलायचा. जाणाऱ्या माणसाबरोबर ती तिकडे, सहाएक महिन्यांनी त्याच कॅसेटवर उत्तर भरून इकडे. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर परत रेकॉर्डिंग होत नाही. चाचा त्या कधी मोडायचे नाहीत. एक कॅसेट दहा वेळा वापरायची, हा हिशेब.

बिघाड साधा होता. मोटारची गती चाकाला देणारा रबरी बेल्ट सैल पडला होता. त्यामुळे टेप आत गुंडाळली गेली. मी ती पेन्सिलीने हळूहळू सोडवली, बेल्ट बदलला आणि लावून बघितलं. नानांचा नियम असा, की गिऱ्हाइकाची कॅसेट आधी बाहेर काढायची आणि टेस्टिंगला दुकानाची घालायची. दुकानाची कॅसेट त्या दिवशी सापडत नव्हती. खरं सांगायचं तर मी शोधली नाही.

आतून चाचांचा आवाज आला. यादीच चालली होती. "...व्हीसीआर नको. कंदील मात्र आण, पण घासाघीस करून घे हां. सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरवात. बस. यादी संपली." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आणि शांतता. मी थोडं थांबलो. काही नाही. म्हटलं, संपलं.

प्ले झालं, आता रेकॉर्ड टेस्ट. रेकॉर्डचं बटण दाबलं की मशीन आधी जुनं पुसतं, मग नवं भरतं. पुसलेलं परत येत नाही. हे मला आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवलेलं.

मी बटण दाबलं आणि चाचा झालो.

"आणि ऐक रफीक! व्हीसीआर नको म्हटलं ते विसर. व्हीसीआर पायजेच! चांगल्यातला. वेळ लागला तरी चालेल, पण घेतल्याबिगर येऊ नकोस. आणि घासाघीस करून घे हां!"

वर चाचांचा खोकला, मग तिन्ही प्रश्न, मग त्यांची उत्तरं. दीडेक मिनिट झालं असेल. शेजारचा टेलर हसून हसून बाकावर आडवा. मला वाटलं आता पुसून टाकूया. तेवढ्यात चाचा पायरीवर उभे. नानांनी माझ्यासमोरून कॅसेट काढून त्यांच्या हातात दिली.

"वाजवून बघितली?" चाचांनी विचारलं.

"एक नंबर," मी म्हटलं.

तेव्हाच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर चाचांनी दोन शिव्या दिल्या असत्या, नानांनी चार. रफीक हसेल, कुवेतला तेवढीच करमणूक, असं मनाशी म्हटलं. सकाळी उठल्यावर जरा रुखरुख लागली. एसटी स्टँड माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर. इक्बालला गाठता आलं असतं. मी कूस बदलली.

दीड महिन्याने चाचा दुकानात आले. हातात रफीकचं पत्र.

"पक्या, तू यातला जाणकार. जरा सांग मला. रफीक लिहितो, अब्बा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे व्हीसीआर घेतो. म्हणून मेमधली सुट्टी दुसऱ्याला दिली, ओव्हरटाइम करून ऑक्टोबरात येतो. अरे, मी तर व्हीसीआर नको म्हटलेलं! आणि नसीमच्या निकाहचं एक अक्षर नाय पत्रात."

"निकाह?" माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

"मेमध्ये. त्याच दिवशी ठरला. यादी झाली नि मी हिला बोलवायला आत गेलो. मशीन चालूच ठेवलेली. म्हटलं, बहिणीच्या निकाहची खबर आईच्या तोंडून जाऊ दे. ही माइकला लाजते. अर्धा मिनिट बोलली असेल. तारीख सांगितली, आणि तू उभा राहिल्याशिवाय नसीमला घरातून काढणार नाय म्हणाली. ते गेलं कुठे?"

ती खुर्ची. ती शांतता.

"चाचा," मी म्हटलं, आणि हा आवाज माझा स्वतःचा होता, "विमानतळावर सामान तपासायचं मशीन असतं ना, त्यातून जाताना कधी कधी पुसलं जातं. तुमचा 'नको' पुसला असेल. चाचींचं बोलणं पण."

त्यांनी मान डोलावली. बोटीवर इंजिन सांभाळलेल्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी मेकॅनिक होतो. आवाज काढला ती मस्ती होती. हे मी शुद्धीवर असताना केलं.

चाचांनी तार केली. पण रफीकची सुट्टी ज्याला दिली, त्याचं तिकीट झालेलं. कंपनी दोघांना सोडेना. तारीख पुढे ढकलावी तर नवरा मुलगा बोटीवरचा, जूनमध्ये त्याला परत हजर व्हायचं होतं. निकाह मेमध्येच झाला. लाउडस्पीकर आमच्या दुकानाचा होता, त्यामुळे मी तिथेच. पोरं मागे लागली, "पक्यादादा, एक आवाज काढ ना!" मी 'हॅलो, टेस्टिंग' एवढंच म्हटलं. नसीम निघताना चाची दरवाज्याकडे बघत होत्या. तिथे मी वायर गुंडाळत उभा होतो.

ऑक्टोबरात रफीक आला. व्हीसीआर जोडायला चाचांनी मलाच बोलावलं. मी टीव्हीमागे वायरी लावत होतो. बापलेकांचं बोलणं चाललेलं.

"अब्बा, माझी काय चूक? तुम्ही मला जन्मात रफीक म्हटलं नायत, बाबूच म्हणता. कॅसेटवर रफीक म्हणालात. म्हटलं, अब्बा पहिल्यांदा हुकूम करतायत, नाय कसं म्हणू? थांबा, ऐकवतोच. कॅसेट परत आणल्ये."

त्याने कॅसेट लावली. यादी. खुर्ची. शांतता. मग मी.

खोकल्यापर्यंत चाचा मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी टीव्हीमागे बघितलं. मी वायर हातात धरून तसाच उकिडवा.

चाची दारात आल्या. "माझं कुठे गेलं हो? मी बोल्लेली ना नंतर?"

रफीकने चाचांकडे बघितलं. मीही.

"पुसलं गेलं," चाचा म्हणाले. "विमानतळावर मशीन असतं, त्यात जातं कधी कधी. पक्या सांगत होता."

व्हीसीआर सुरू झाला. चित्र झकास होतं. चाचांनी पाच मिनिटं बघितलं आणि कव्हर घातलं. मला पायरीपर्यंत सोडायला आले.

"सूर बरोबर पकडलास," हळूच म्हणाले. "पण मी त्याला बाबू म्हणतो. आधी विचारायचंस."

मी माफी मागायला तोंड उघडलं तोवर ते आत वळले होते.

आता मी गिऱ्हाइकाची कॅसेट आधी बाहेर काढतो, समोर ठेवतो, मगच स्क्रूड्रायव्हर हातात घेतो. नियम साधा आहे, नानांनी पहिल्याच दिवशी सांगितलेला. आवाज अजून काढतो, पण एकोणचाळीस.

चाचा अजून येतात. ब्रोशर आणतात, तीन प्रश्न विचारतात, मी उत्तरं देतो. टेपरेकॉर्डर मध्ये एकदा बिघडला, तो पण आमच्याकडेच आणला. मी सवयीने झाकण उघडलं. आत काही नव्हतं. कॅसेट ते घरी काढून ठेवून आले होते.